किनाऱ्यावरचे बंकर, त्यांतली कला आणि आठवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेन्मार्कला राहायला आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात मी पश्चिम किनाऱ्यावरच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन बंकरांचे फोटो घरी पाठवले. तेव्हापासून आत्या, मामेभाऊ, त्यांच्या ओळखीचे आणि त्या ओळखीच्यांच्याही ओळखीचे प्रश्न पाठवताहेत. कोणी इकडे फिरायला येणार असतं, कोणी आर्किटेक्चर शिकत असतं, कोणाला नुसतंच कुतूहल असतं. तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे पुन्हा उगाळलेलं नाही, तिथे प्रश्नाचा आकडा दिलाय.

१. बंकर म्हणजे नेमकं काय? आपल्या बुरुजासारखंच ना?

बुरूज दिसावा म्हणून बांधतात, बंकर दिसू नये म्हणून. सिंधुदुर्गाचा तट लांबून येणाऱ्या गलबताला सांगतो की इथे कोणीतरी बसलंय. बंकर मात्र वाळूच्या टेकडीत निम्मा गाडलेला असतो, वर गवत, आणि समुद्राच्या बाजूला फार तर एक आडवी फट. भिंती आणि स्लॅब साधारण दोन मीटर जाडीचे. जर्मनांनी याचे ठरावीक नमुने काढले होते, प्रत्येकाला क्रमांक होता. त्यामुळे नॉर्वेतला आणि फ्रान्समधला एकाच क्रमांकाचा बंकर जुळ्या भावांसारखे दिसतात.

सगळ्यांत तोफा होत्या असं मात्र नाही. कुठे सैनिकांच्या झोपायच्या फळ्या, कुठे दारूगोळा, कुठे निरीक्षणाची चौकी, कुठे नुसती पाण्याची टाकी.

२. एवढे बंकर बांधले कोणी, आणि कशासाठी?

मार्च १९४२ मध्ये हिटलरने पश्चिम युरोपचा किनारा तटबंदीने बंद करण्याचा आदेश काढला. ब्रिटन-अमेरिकेचं सैन्य समुद्रातून उतरू नये हा हेतू. उत्तर नॉर्वेपासून डेन्मार्क, जर्मनी, हॉलंड, बेल्जियम करत फ्रान्स-स्पेनच्या सीमेपर्यंत हे काम चाललं. त्याला 'अटलांटिक वॉल' म्हणतात, पण सलग भिंत कधीच नव्हती. बंदरांभोवती बंकरांची दाटी, मध्ये विरळ, आणि वाळूत सुरुंग.

काम 'टोट' नावाच्या जर्मन बांधकाम संघटनेकडे होतं. तिच्या हाताखाली पगारी मजूर होते, तसेच युद्धकैदी, पूर्व युरोपातून सक्तीने आणलेली माणसं, स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीतून जीव वाचवून फ्रान्समध्ये आलेले स्पॅनिश रिपब्लिकनही होते. डेन्मार्कची गोष्ट वेगळी, आणि इथल्या लोकांच्या घशाखाली सहज न उतरणारी. देश ९ एप्रिल १९४० पासून ५ मे १९४५ पर्यंत जर्मनांच्या ताब्यात होता, पण इथले पुष्कळसे बंकर डॅनिश ठेकेदारांनी आणि डॅनिश मजुरांनी रीतसर पैसे घेऊन बांधले.

बाबा आले होते तेव्हाची गोष्ट सांगते. सांगली-मिरजेकडे बांधकामावर मुकादमी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ब्लोवान गावाच्या बंकरात मी इतिहास सांगत होते आणि त्यांचं सगळं लक्ष भिंतीकडे. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून ते काँक्रीटवरून हात फिरवत होते. शटरिंगच्या फळ्यांचे ठसे तिथे जसेच्या तसे आहेत: लाकडाच्या रेघा, गाठी, दोन फळ्यांच्या फटीतून ओघळून तसंच वाळलेलं सिमेंटचं पाणी. "सेंट्रिंगवाला हुशार होता," ते म्हणाले. मग बाहेर पडता पडता, "त्याला पैसे मिळाले का गं?"

तेव्हा मला सांगता आलं नाही. आता सांगू शकते: इथे बहुतेकांना मिळाले, फ्रान्समधल्या बोर्दोला (प्र. ७) अनेकांना नाही, जर्मनीतल्या ब्रेमेनजवळ तर माणसं कामावरच मेली (प्र. १०). तेव्हापासून कुठलाही नटवलेला बंकर पाहिला की मी आधी बाबांचा प्रश्न घेऊन आत जाते. त्याचं उत्तर जिथे मिळत नाही, तिथली कला कितीही देखणी असो, मला काम अर्धवट वाटतं.

३. युद्ध संपल्यावर पाडून का नाही टाकले?

खर्च. गजांनी खच्चून भरलेलं दोन मीटर काँक्रीट फोडायचं तर सुरुंग हवा, आणि सुरुंग लावला तर शेजारचं घरही हलणार. १९४५ नंतर आधी घरं, पूल, बंदरं उभी करायची होती. तोफा, दारं, पाइप असं जे भंगारात विकण्याजोगं होतं ते गेलं, आणि उरलेल्यात वाऱ्याने वाळू भरली. वाळू किती बेमालूम झाकते पाहा: २००८ मध्ये डेन्मार्कच्या हौविग किनाऱ्यावर वादळाने टेकडी कापून काढली, तेव्हा आतून बंकर निघाले आणि त्यांत सैनिकांचं फर्निचर-सामान जागच्या जागी होतं.

फ्रान्समधल्या सँ-नाझेरचं दुखणं निराळं. तिथे जर्मनांचा पाणबुड्यांचा तळ होता. तो मोडायला दोस्त राष्ट्रांनी बाँब टाकले. शहर जवळपास सगळं गेलं, तळ उभाच राहिला. शहर पुन्हा बांधताना लोकांनी कित्येक वर्षं त्याच्याकडे पाठ फिरवून ठेवली, यात नवल नाही. त्याचं पुढे काय झालं ते प्र. ७ मध्ये.

४. मग त्यांत कला कशी शिरली?

आधी शिरली ती पोरासोरांच्या स्प्रेच्या डब्यांतून. तिला परवानगी नव्हती आणि आजही सहसा नसते. जाणूनबुजून, सरकारदरबारी मान्यतेने झालेल्या कामांत माझं लाडकं म्हणजे ब्लोवानची खेचरं.

१९९५ मध्ये डेन्मार्कच्या मुक्तीला पन्नास वर्षं झाली. त्या निमित्ताने देशाच्या पश्चिमेकडच्या युटलंडच्या किनाऱ्यावर कलाकारांना बोलावलं होतं. ब्रिटिश शिल्पकार बिल वूड्रो यांनी वाळूत बसलेले काही बंकर घेतले, एका टोकाला पोलादाचं डोकं बसवलं आणि दुसऱ्या टोकाला शेपूट. बास. काँक्रीटला हात लावला नाही. पण त्या ढेकळाचा एकदम जनावर झाला, ओझं वाहून बसकण मारलेला.

घोडा नाही, गाढव नाही, खेचरच का, असं मला हमखास विचारतात. खेचराला पिल्लू होत नाही. या युद्धाचा वंश इथेच खुंटावा, ही त्यामागची कल्पना. डॅनिश लोकांना ती समजावून सांगावी लागते की नाही माहीत नाही, मिरजेच्या माझ्या आत्याला फोनवर अर्ध्या वाक्यात कळली. "बरं केलं," म्हणाली.

माझा भाचा त्यातल्या एकाच्या मानेशी बसून "चल रे" करत होता. ज्या जागेवरून माणसं टिपायची होती तिथे सहा वर्षांचं पोर टाचा मारतंय, एवढं पाहिलं तरी जाणं वसूल होतं.

५. ब्लोवानच्या टिर्पिट्झ संग्रहालयाचे फोटो पाहिले, पण त्यात बंकर कुठेच दिसत नाही. चुकीचे फोटो आहेत का?

फोटो बरोबर आहेत. तिथे दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. एक, ३८ सेंटिमीटर तोंडाच्या तोफेसाठी बांधायला घेतलेला प्रचंड बंकर. एस्बियर बंदराच्या रक्षणासाठी अशा तोफा बसणार होत्या, पण युद्ध संपलं तेव्हा काम अपुरंच होतं. तोफेसाठी ठेवलेला गोल खड्डा आजही रिकामा आहे. भिंती साडेतीन मीटरपर्यंत जाड.

दुसरं, आर्किटेक्ट ब्यार्क इंगेल्स यांच्या कंपनीने आखलेलं आणि २०१७ मध्ये उघडलेलं २,८०० चौरस मीटरचं नवं संग्रहालय. ते वाळूच्या टेकडीच्या आत आहे. टेकडीला चार चिरा दिल्यात, त्या मध्यभागी एका चौकात मिळतात, आणि चौकाच्या चारही अंगांना सहा मीटर उंचीच्या काचा. बंकर अंधारा, बंद, डोंगरासारखा. नवी इमारत उजेडाची, आणि गवताच्या पातळीवर दिसेनाशी होणारी. नव्याने जुन्यासमोर छाती काढलेली नाही, हे मला आवडलं.

आतून एका भुयारी वाटेने जुन्या बंकरात जाता येतं. तिथे फारसं काही मांडलेलं नाही. हातातल्या उजेडाने भिंतीवर सावल्या पाडायच्या, मग तोफ बसली असती तर ती कशी चालली असती ते सावल्यांच्या खेळातून उलगडतं. कधीच न आलेली तोफ सावलीनेच दाखवावी, हे सुचलं त्याला सलाम.

जायचं असेल तर एस्बियरपासून रस्त्याने चाळीसेक किलोमीटर आहे. वारा भयंकर असतो. छत्री आणू नका, टोपीचं जॅकेट आणा.

६. फ्रान्समध्ये आरशांचा बंकर आहे म्हणतात. खरंय?

खरंय. डंकर्कजवळ लेफ्रँकूकच्या किनाऱ्यावर एका कललेल्या बंकरावर कलाकाराने फुटक्या आरशांचे असंख्य तुकडे चिकटवले. कलाकार स्वतःला 'अनामिक' एवढंच म्हणवतो. ऊन पडलं की अख्खं धूड चमकतं, ढग आले की त्याच रंगाचं होऊन हरवतं. त्यावर त्याने एक फ्रेंच क्रियापद लिहिलं, ज्याचे दोन अर्थ होतात: प्रतिबिंब पाडणं आणि विचार करणं. मराठीत दोन्हीला एक शब्द नाही, पण बंकरासमोर उभं राहिलं की स्वतःचाच तुकड्या-तुकड्यांचा चेहरा दिसतो, त्यातून काय ते समजतं.

७. सगळ्यांत चांगलं रूपांतर कुठलं? एकच पाहायला वेळ आहे.

माझं मत विचाराल तर सँ-नाझेर. प्र. ३ मधला तोच तळ: सुमारे तीनशे मीटर लांब, पाणबुड्यांचे चौदा कप्पे. शहराने शेवटी त्याच्याशी समेट केला. छतावर जायला रॅम्प केला, आत जुन्या प्रवासी जहाजांचं संग्रहालय आलं, आणि २००७ पासून एका कप्प्यात आजच्या कलेसाठी मोठी जागा आहे. छतावर बर्लिनच्या टेम्पेलहोफ विमानतळावरचा रडारचा घुमट आणून बसवलाय. ज्या शहराने हा तळ बांधवला त्या शहराच्या विमानतळाचा तुकडा, पाहुण्यासारखा वर बसलेला.

त्याच छतावर फेलिचे व्हारिनी यांच्या कामाची जागा आहे. बंदरातल्या वेगवेगळ्या इमारतींवर त्यांनी लाल पट्टे रंगवले. खालून ते नुसते विस्कळीत फराटे. छतावरच्या एका ठरावीक बिंदूवर उभं राहिलं की सगळे जुळून त्रिकोणांची माळ होते. एक पाऊल डावीकडे सरका, मोडली.

आणि जील क्लेमाँ यांची बाग. बाँब छताला भिडण्याआधी फुटावा म्हणून वर काँक्रीटच्या तुळयांची जाळी घातली होती. त्या तुळयांच्या मधून आता ॲस्पेनची झाडं डोकं काढतात. या झाडाची पानं आपल्या पिंपळासारखी, जराशा वाऱ्यानेही थरथरतात. काही भागात तर फक्त माती ठेवली आणि वाऱ्याबरोबर येईल ते बी रुजू दिलं. मी गेले तेव्हा तिथे सर्वांत जोमात होतं ते तण, आणि ते कोणी उपटत नव्हतं.

याउलट बोर्दो. तिथेही पाणबुड्यांचा तळ, नदीकाठी. जून २०२० पासून त्यातल्या चार कप्प्यांत डिजिटल कला दाखवतात. प्रत्येक कप्पा ११० मीटर लांब, २२ मीटर रुंद. भिंतींवर चित्रकार क्लिम्टची चित्रं, खालच्या काळ्या पाण्यात पुन्हा उलटा क्लिम्ट, मोठ्याने संगीत. डोळे दिपतात हे कबूल. पण तास-दीड तासाने बाहेर आले तेव्हा लक्षात आलं की आपण कुठल्या इमारतीत होतो हेच विसरलो होतो. स्पॅनिश मजुरांचं स्मारक तिथे आहे, बाहेर. जाणाऱ्यांनी ते आधी शोधावं, मग तिकीट काढावं.

८. बंकरात चित्रं टिकतात का? आम्ही मित्र मिळून एका जुन्या तळघरात असं काही करायचं म्हणतोय.

कॅनव्हास आणि कागद विसरा. जाड काँक्रीटच्या आत उन्हाळ्यातही गार असतं. बाहेरची दमट गरम हवा आत आली की भिंतीला घाम फुटतो, कोकणातल्या पावसाळ्यात फरशीला सुटतो तसा. आठवडाभरात बुरशी. त्यामुळे अशा जागी चालतं ते धातू, दगड, आवाज, उजेड, प्रोजेक्टर. आवाजाचं मात्र जपून करा: बंकरात घुमतो इतका की शब्द कळत नाहीत. लांब सूर छान लागतात, भाषण फुकट जातं.

ओलीहून मोठी अडचण म्हणजे बाहेर पडायची वाट. बंकराला मुद्दाम एकच अरुंद, काटकोनात वळणारं दार ठेवलेलं असतं, कारण शत्रू सरळ आत घुसू नये. आग लागली तर तोच सापळा. दुसरं दार काढायचं तर दोन मीटरची भिंत हिऱ्याच्या वायरने कापावी लागते आणि निम्मं बजेट तिथेच संपतं. तुमच्या तळघराला दुसरा जिना असेल तर तुम्ही नशीबवान, नसेल तर आधी अग्निशमनवाल्यांकडे जा, कलाकारांकडे नंतर.

आणि वटवाघळं. युरोपात त्यांना कायद्याचं संरक्षण आहे आणि हिवाळी झोपेसाठी बंकर त्यांना फार आवडतात. त्यामुळे काही बंकर थंडीत माणसांना बंद असतात. यावर चिडून उपयोग नाही.

९. ताई, तिथे भुतं असतात का?

सात जणांनी विचारलंय, म्हणून घेतला. मला भेटलेली नाहीत. लघवीचा वास मात्र हमखास भेटतो.

१०. असं जपून, सजवून ठेवणं म्हणजे हिटलरचंच स्मारक नाही का होत?

होऊ शकतं. नुसत्या तोफा, टोप्या, पदकं आणि "बघा केवढं हे अभियांत्रिकी" असं मांडलं तर नक्की होतं. मी अशी दोन खासगी संग्रहालयं पाहिली आहेत, नावं घेत नाही. एकात पुतळ्यांचे गणवेश कडक इस्त्रीचे होते आणि मजुरांबद्दल एक ओळ नव्हती.

उलट उदाहरण ब्रेमेनजवळचं. वेझर नदीकाठी फार्गे इथे 'वॅलेंटिन' नावाचा बंकर आहे, चारशे मीटरहून लांब. आत पाणबुड्यांची जोडणी करायची योजना होती. १९४३ ते १९४५ छळछावण्यांतले कैदी आणि सक्तीचे मजूर त्यावर राबवले, हजाराहून अधिक मेले. मार्च १९४५ मध्ये ब्रिटिश बाँबनी छताला भोकं पाडली आणि एकही पाणबुडी तिथून निघाली नाही. युद्धानंतर जर्मन नौदलाने २०१० पर्यंत त्याचं गोदाम केलं होतं, म्हणजे कित्येक वर्षं लोक त्याला गोदाम म्हणूनच ओळखत. २०१५ मध्ये तो स्मरणस्थळ म्हणून उघडला. नाव ठेवताना 'स्मारक' न म्हणता 'विचार करायची जागा' अशा अर्थाचा शब्द घेतला. आत भव्यता वाढवणारी रोषणाई नाही. बराचसा भाग पडका, बंद, कबुतरांचा. मजुरांच्या छावण्या कुठे होत्या, ते किती अंतर चालत येत, गावातल्या लोकांनी काय काय पाहिलं, हे फलकांवर आहे. बाबांच्या प्रश्नाला इथे सरळ उत्तर मिळतं.

११. जर्मन सैनिकांबद्दल, जर्मन लोकांबद्दल सहानुभूती दाखवतात का?

डेन्मार्कमध्ये अलीकडे दाखवतात, आणि त्यावरून घरोघरी वादही होतात.

युद्ध संपलं तेव्हा इथल्या पश्चिम किनाऱ्यावर दहा लाखांहून अधिक सुरुंग पेरलेले होते. ते काढायला शरण आलेल्या जर्मन सैनिकांनाच लावलं. काही अगदी कोवळे होते. सुमारे दीडशे जण त्यात मेले. ब्लोवानच्या दक्षिणेला स्कॅलिंगेन नावाची वाळूची जीभ आहे, ती सुरुंगमुक्त जाहीर व्हायला २०१२ उजाडलं.

दुसरी गोष्ट निर्वासितांची. १९४५ मध्ये रशियन फौजांपुढून पळालेले सुमारे अडीच लाख जर्मन, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे, डेन्मार्कमध्ये आले. ब्लोवानपासून जवळच ओक्सबोलला त्यांची छावणी होती, एका वेळी ३५,००० पर्यंत माणसं. तेव्हाच्या हिशेबाने ते देशातल्या मोठ्या शहरांपैकी एक. पहिल्या वर्षात देशभरातल्या छावण्यांत हजारो लहान मुलं दगावली. २०२२ मध्ये त्या छावणीच्या जुन्या दवाखान्यात निर्वासितांचं संग्रहालय सुरू झालं, आराखडा पुन्हा ब्यार्क इंगेल्स यांच्याच कंपनीचा. तिथे जर्मन पोरांच्या शेजारी आजच्या सीरियन, अफगाण निर्वासितांच्या कहाण्या आहेत. टिर्पिट्झ पाहून थकला असाल तरी हे टाळू नका, दोन्ही एका दिवसात होतं.

१२. आपल्या लोकांचा याच्याशी काय संबंध?

जेवढा वाटतो त्यापेक्षा जवळचा. उत्तर आफ्रिकेत जर्मन-इटालियन फौजांच्या हाती पडलेल्या भारतीय युद्धकैद्यांतून नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी जर्मनीत 'आझाद हिंद' पलटण उभी केली. अडीच-तीन हजार माणसं. फेब्रुवारी १९४३ मध्ये नेताजी पाणबुडीतून पूर्वेकडे निघून गेले आणि पलटण मागे राहिली. त्या वर्षी तिला आधी हॉलंडच्या किनाऱ्यावर आणि मग फ्रान्समध्ये बोर्दोजवळ लाकानोला पाठवलं. काम? अटलांटिक वॉलची राखण. फेब्रुवारी १९४४ मध्ये जर्मन सेनापती रोमेलने तिथे त्यांची पाहणी केली, त्याचे फोटो उपलब्ध आहेत: फेटे बांधलेले शीख जवान, मागे वाळू, आणि जर्मन गणवेशाच्या बाहीवर झेप घेणारा वाघ.

म्हणजे स्वातंत्र्यासाठी निघालेली माणसं एका परक्या किनाऱ्यावर, परक्याच्या बंकरात, भलत्याच शत्रूची वाट पाहत बसली. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार सुरू झाली, आणि त्या वाटेवरच्या फ्रेंच गावांत त्यांच्याविषयीच्या आठवणी चांगल्या नाहीत. अत्याचाराचे आरोप आहेत, आणि फ्रेंच प्रतिकारकांनी पकडलेल्या काही जवानांना गोळ्या घातल्या. या माणसांना वीर म्हणायचं, बळी म्हणायचं की आणखी काही, हे मला ठरवता आलेलं नाही. लाकानोच्या किनाऱ्यावर बंकर अजून आहेत, लोक त्यांच्या सावलीत टॉवेल टाकून पडतात.

१३. मुंबईच्या राजभवनातला बंकर याच प्रकारात मोडतो का?

अर्धा. ऑगस्ट २०१६ मध्ये मलबार हिलला राजभवनाच्या आवारात बंद केलेली भिंत फोडली तेव्हा आत तेरा खोल्यांचा भूमिगत बंकर निघाला. खोल्यांवर 'शेल स्टोअर', 'काडतूस स्टोअर', 'वर्कशॉप' अशी नावं होती. म्हणजे हा ब्रिटिशांच्या किनारी तोफांचा दारूगोळ्याचा साठा. दुसऱ्या महायुद्धाहून तो जुना मानला जातो, त्यामुळे 'महायुद्धातला बंकर' म्हणून पुढे पाठवलेले संदेश खोडून काढा. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे संग्रहालय झालं आणि जून २०२२ मध्ये 'क्रांती गाथा' हे क्रांतिकारकांचं दालन: वासुदेव बळवंत फडके, चापेकर बंधू, सावरकर बंधू, मादाम कामा, १९४६ चा नाविकांचा उठाव.

साहेबाच्या दारूगोळ्याच्या कोठारात त्याच्याविरुद्ध उठलेल्यांची चित्रं लावणं, यात एक मजेशीर सूड आहे आणि तो मला आवडतो. तक्रार एवढीच की कोठाराची स्वतःची गोष्ट त्यात दबते. समुद्राच्या अंगाला हे भुयार खोदलं कोणी, गोळे वर चढवायचे कोणी? खात्री आहे, तीही आपलीच माणसं होती. भेटीसाठी आधी नोंदणी करावी लागते, थेट फाटकावर जाऊन वाद घालू नका.

१४. भारतात महायुद्धातले किनारी बंकर कुठे आहेत मग?

विशाखापट्टणमला. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी तिथे बाँब टाकले. किनाऱ्यावरचे छोटे काँक्रीटचे बंकर त्याच काळातले, वाळूत रुतलेले. शेजारीच 'कुरसुरा' पाणबुडीचं संग्रहालय तिकीट लावून भरतं, आणि बंकराकडे कोणी पाहत नाही. खेचरांसारखं काहीतरी (प्र. ४) तिथे अगदी थोड्या पैशांत होऊ शकेल.

१५. अल्बानियातले बंकर? तिथेही संग्रहालय आहे ना?

आहे, तिरानात, २०१४ पासून. पण ते युद्धकाळातले नाहीत. एन्व्हर होजा या हुकूमशहाने नंतर, शांततेच्या काळात, सगळ्या जगाच्या भीतीने बांधले. विषय निराळा, म्हणून इथे थांबते.

१६. बंकर कापून दोन तुकडे केले तर ती कला की तोडफोड?

हॉलंडमध्ये हा प्रश्न खराच उभा राहिला. तिथल्या जुन्या पाणरेषेवर, म्हणजे शत्रू आला की शेतं पाण्याखाली घालायच्या व्यवस्थेवर, १९४० चा एक डच बंकर होता. क्रमांक ५९९. किनारी नाही, पण इथे हवाच. २०१० मध्ये कलाकार आणि आर्किटेक्ट मंडळींनी तो हिऱ्याच्या वायरने मधोमध चिरला, एक काप बाजूला काढला आणि त्या फटीतून पाण्यावर जाणारी फळ्यांची वाट केली. चिरायलाच चाळीस दिवस लागले. कधीच न दिसणारं आता दिसतं: आतली खोली केवढीशी आणि भोवतीचं काँक्रीट केवढं. पाव चिरल्यावर कळावं तसं.

जुन्या वास्तूला हात लावू नये म्हणणारे यावर नाक मुरडतात. गंमत अशी की चिरल्यानंतर सरकारने त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. तरी मी म्हणेन, हे एकदाच शोभतं. एकाच नमुन्याचे शेकडो बंकर असताना एक चिरला तर तो धडा होतो, दहा चिरले की नुसती फॅशन.

१७. कला वगैरे नको, बंकर जसा होता तसाच पाहायचाय. कुठे जाऊ?

उत्तर डेन्मार्कमध्ये हान्स्टहोल्म. चार ३८ सेंटिमीटरच्या तोफा, मारा पन्नास किलोमीटरच्या पलीकडे. समोर नॉर्वेच्या क्रिस्टियानसांडजवळ तशाच तोफा, मध्ये समुद्र सुरुंगांनी बंद. यासाठी अख्खं गाव उठवलं होतं. बेल्जियममध्ये ओस्टेंडजवळ राव्हर्सायडे. रस्त्याकडेला कुठलाही बंकर दिसला म्हणून आत शिरणार असाल तर थांबा: जमिनीत विहिरीसारखे उघडे खड्डे, वर लोंबणारे गंजके गज, आणि खालची वाळू कधी सरकेल याचा नेम नाही. लहान मुलांना तर अजिबात नको.

१८. समुद्र जे बंकर गिळतोय ते वाचवायला नकोत का?

सगळे नकोत. इथला किनारा दरवर्षी मागे सरकतो. १९४४ मध्ये टेकडीच्या माथ्यावर ओतलेले बंकर आज लाटांत उभे आहेत. खाऱ्या पाण्याने गज गंजतात, गंजून फुगतात, काँक्रीटचे पापुद्रे उडवतात आणि शेवटी भाल्यांसारखे बाहेर येतात. पोहणाऱ्यांना लागायला लागलं म्हणून डॅनिश सरकारने २०१३ च्या सुमारास शंभराहून अधिक बंकर फोडून उचलले. काही गावकऱ्यांना हळहळ वाटली, काहींना सुटल्यासारखं. मोजमापं आणि फोटो नीट घेऊन ठेवले, तर बाकीचे समुद्राला द्यायला माझी हरकत नाही.

बाबांची आहे. ब्लोवानच्या उत्तरेला एक बंकर पूर्ण कलंडलेला आहे, त्याच्या स्लॅबच्या खालच्या अंगाला फळीचा एक फार स्वच्छ ठसा होता, गाठीसकट. त्यांनी त्याचा फोटो काढून नेला होता. दर हिवाळ्यानंतर फोन येतो, "ते स्लॅब आहे का अजून?" यंदा मी ओहोटीच्या वेळी गेले. एक कोपरा वर होता, त्यावर बगळ्यासारखा एक पक्षी बसला होता, आणि गाठ पाण्याखाली गेली होती. बाबांना कोपऱ्याचा फोटो पाठवला.